राहण्याच्या रकान्यात शून्य

सत्ताविशी-अठ्ठाविशीतली मुलं-मुली माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच घोळ असतो. चालू कामात जीव रमत नाही, सोडायची छाती होत नाही, आणि वर ही धास्ती की आता उशीर तर झाला नाही ना? या प्रश्नाचं माझं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २८. लेखापरीक्षणाचं काम. त्यासाठीच्या परीक्षा पार करण्यात विशीतली बरीच वर्षं गेलेली. कामात चोख, हाताखालची मुलं अडली की तिलाच विचारायची. भाच्याला डिस्लेक्सिया असल्याचं कळल्यावर ती त्याचा अभ्यास घ्यायला बसू लागली आणि त्यातून एक विचार मनात रुजला, की वाचायला-लिहायला अडखळणाऱ्या मुलांना शिकवणं हेच आपलं काम असावं. या विचाराला दीड वर्ष होऊन गेलं होतं. हललं काहीच नव्हतं.

पहिल्याच भेटीत तिने लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. नोकरी सोडण्याचे फायदे, तोटे, प्रत्येकाला गुण, खाली बेरीज. ‘‘मॅडम, दर आठवड्याला आकडे बदलते. बेरीज दरवेळी बरोबरीत येते.’’

तक्त्याकडे वळण्याआधी मी तिला झोप, भूक, मित्रमैत्रिणी यांच्याबद्दल बरंच विचारलं. हे मी कधीच टाळत नाही. नैराश्य असेल किंवा माणूस थकून पार पिळून निघाला असेल, तर नोकरीच काय, सगळंच बेचव लागतं. अशा वेळी आधी उपचार, आधी विश्रांती. आयुष्याची दिशा ठरवणारा निर्णय त्यानंतर. दुसरं विचारलं ते हे: हेच काम दुसऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली, कमी तासांचं असतं तर आवडलं असतं का? कित्येकदा माणसाला क्षेत्र नको नसतं, ती एक जागा नको असते. तिचं तसं नव्हतं. वरिष्ठ चांगले होते, झोप शांत होती, सुट्टीचा दिवस आनंदात जायचा. कामच तिचं राहिलं नव्हतं.

मग तक्ता नीट पाहिला. सोडण्याच्या बाजूला जोखमीच्या अकरा ओळी. ‘आहे तिथेच राहणं’ या बाजूला जोखमीच्या रकान्यात शून्य. मी विचारलं, ‘‘एखाद्या कंपनीच्या हिशोबात अशी नोंद दिसली तर तू सही करशील?’’ ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिली.

हे शून्य तिच्या एकटीचं नाही. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की एखादा पर्याय ‘सध्या चालू आहे तो’ म्हणून समोर ठेवला, तर निव्वळ तेवढ्यामुळे लोक त्याकडे जास्त झुकतात. चालू असलेल्या गोष्टीची किंमत मन मोजतच नाही. तिच्याकडून मी ती मोजून घेतली. पाच वर्षांनी याच खुर्चीत असशील, तर काय गमावलेलं असेल? घरी जाऊन तिने लिहिलं: पगार वाढेल, त्यासोबत खर्चाची सवयही वाढेल, आणि सोडणं आजच्यापेक्षा जड होईल. तिने स्वतः लिहिलेली ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. उशीर झाला का, असं विचारणाऱ्याला थांबण्यानेही उशीर होतोच हे दिसत नाही.

तरीही भीती गेली नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती, कारण हिशोब सुधारल्याने भीती जात नाही. ती कशाची आहे ते खणून काढावं लागतं. मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत गेले: बरं, तसं झालं, मग पुढे काय? पैसे कमी पडतील. मग? काटकसर करीन, ते जमेल. लोक बोलतील. मग? बोलून गप्प होतील. परीक्षांची एवढी वर्षं वाया जातील. इथे ती जरा अडली, पण ती वर्षं राहिल्याने परत मिळणार नाहीत आणि हिशोबाची शिस्त कुठेही गेली तरी तिच्याजवळच राहणार, हे तिला पटलं. मग खूप वेळाने म्हणाली, ‘‘बावीस वर्षांच्या मुलींच्या वर्गात बसून मला काही येत नसेल, तर?’’

इथे खरी गाठ होती. ज्या मुलीला सगळे विचारायला येतात, तिला पुन्हा नवखं व्हावं लागणार होतं. अठराव्या वर्षी नवखेपणाची लाज वाटत नाही, कारण बरोबरीचे सगळेच नवखे असतात. अठ्ठाविसाव्या वर्षी आपण ‘जाणकार’ या ओळखीवर उभे असतो, आणि ती पायाखालून जाईल याची धास्ती पैशाच्या चिंतेआड लपून बसते. माझ्याकडे येणाऱ्या हुशार मुलांमध्ये हे जास्त दिसतं. हुशार असण्याची त्यांना इतकी सवय झालेली असते, की चुकत शिकणं म्हणजे त्यांना आपली किंमत उतरल्यासारखं वाटतं.

अशा भीतीवर विचार करून उपाय सापडत नाही. टाळलं की त्या क्षणापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच टाळायची सवय पक्की होते. तिचा दर आठवड्याचा तक्ता हेही एक टाळणंच होतं, फक्त कष्टाळू दिसणारं. म्हणून तक्ता बंद, आणि त्याऐवजी मागे फिरता येईल असं एक छोटं पाऊल: नोकरी न सोडता, शनिवारी दोन तास एका अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली बसायचं. अट एवढीच की तिथे आपल्याला येत नाही, हे मोकळेपणाने म्हणायचं.

पहिल्या शनिवारनंतर ती रडवेली होऊन आली. एका मुलाला तिने घाईने शब्द सांगून टाकला होता आणि शिक्षिकेने तिला सगळ्यांसमोर थांबवलं होतं. ज्याची भीती होती तेच घडलं होतं. मी विचारलं, पुढच्या शनिवारी जाणार का? ‘‘जाणार. तो मुलगा कुठे अडतो ते मला बघायचंय.’’ त्या दिवसापासून मला तिची काळजी उरली नाही.

या शनिवारांनी तिला तक्त्यात कधीच न दिसलेली गोष्टही दाखवली. एकेका मुलासोबत ती तासन्‌तास रमायची, पण मोठा वर्ग सांभाळणं तिला नको वाटायचं. नोकरी झटकन सोडून शाळेत रुजू झाली असती, तर कदाचित वर्षभरात ‘माझं चुकलंच’ म्हणत बसली असती.

अशा वेळी बरेच जण स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा दाखला देतात. मोठ्या निर्णयावर अडलेल्या लोकांकडून त्याने नाणेफेक करवली, आणि ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी सरासरीने जास्त समाधानी आढळले. मला तो अभ्यास मोलाचा वाटतो, पण ती माणसं आधीच काठावर उभी होती आणि सरासरीत प्रत्येकाची गोष्ट मावत नाही. म्हणून ‘द्या सोडून’ असं मी कुणालाही सांगत नाही. डोक्यावर कर्ज असेल, घर एकाच्याच कमाईवर चालत असेल, तर पावलं आणखी लहान ठेवावी लागतात, आणि त्यात भित्रेपणा नाही.

तिने आई-वडिलांना सांगितलं ते शनिवारचे अनुभव हाताशी आल्यावर. वडील नाराज झाले, पण त्यांच्या प्रश्नांना तिच्याकडे पाहिलेल्या गोष्टींची उत्तरं होती. आता ती संध्याकाळचा अभ्यासक्रम करते आहे. नोकरी सध्या चालू आहे. वर्षभराचा खर्च बाजूला पडला की सोडायची, असं ठरलंय. मागच्या भेटीत म्हणाली, भीती अजून वाटते, वर्गात हात वर करताना तर हमखास. मी विचारलं, मग काय करतेस? म्हणाली, ‘‘हात वर करते.’’