पोरांचं तिकडे काय होईल? म्युनिकला यायच्या तयारीत असलेल्या भाऊंना

भाऊ, तुम्ही लिहिलंय की म्युनिकची ऑफर हातात आहे, पोरगी तिसरीत, पोरगा चार वर्षांचा, आणि मनीषनगरच्या घरी आई रोज एकच विचारून राहिल्या की पोट्ट्यांचं तिकडे काय होईल. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या एचआरकडे तर नाहीच नाही. पण त्यातलं तुमच्या हातात किती आहे तेवढं सांगतो.

पोरीचंच आधी बघा, कारण तिच्याकडे वेळ कमी आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतरच वाटा वेगळ्या होतात, गिम्नाझियम (थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), रेआलशुलं (मधली वाट) नाहीतर मिटलशुलं (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). मेच्या सुरुवातीला सर्टिफिकेट मिळतं, जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिघांची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशुलं (इथे १ म्हणजे सगळ्यात भारी, उलटं आहे सगळं). बाहेरून मधेच आलेल्या पोरांचं जर्मन कच्चं असेल तर गिम्नाझियमसाठी ३.३३ पर्यंत सूट मिळू शकते, पण ते स्वतःहून विचारा, कोणी बोलावून सांगत नाही. दहा वर्षांच्या लेकराचं एवढ्यात काय ठरवता बाप्पा, मला तर ही पद्धत अजूनही पटलेली नाही.

आमच्या मोठीचे २.६६ आले. त्या वर्षी ही रोज गजानन महाराजांपुढे माळ घेऊन बसायची. पोरीने फोल्डरमधून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, आता आपल्याला नागपूरला परत जावं लागेल का? हिने तो कागद उचलून महाराजांच्या फोटोखाली सरकवला आणि म्हणाली, आधी जेव, वरण थंडं होऊन राहिलं. बस, तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. पोरगी रेआलशुलं करून आता फाखओबरशुलंला (त्याच्या पुढची अकरावी-बारावीची शाळा) आहे, तिथून १३वी केली तर युनिव्हर्सिटीही करता येते, आणि हा रस्ता आहे हे तेव्हा आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. महाराजांनीच तिकडे वळवलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण रात्री झोप लागायची ती त्यांच्यामुळेच.

म्हणून तुम्हीही गिम्नाझियम मिळालं तर शेगावला पायी येतो वगैरे नवस बोलू नका. पोरीच्या कानावर गेलं की तिला वाटेल देवाचं देणंही तिच्याच मार्कांवर आहे. शेगावला जा जरूर, गाडी तर नागपूरहूनच आहे, पोरांना पायावर घाला आणि काही न मागता या. ती मराठी बोलतील का, लग्न कोणाशी करतील, म्हातारपणी आपल्याजवळ असतील का, हे सगळं त्यांच्यावर सोडा, तसंही माझ्या भावाची पोरं नागपूरलाच वाढली अन् आता दोघंही बंगळुरूला आहेत.

गोवराचे दोन्ही डोस झाल्याचा कागद मात्र महाराजांवर सोडू नका, २०२० पासून त्याशिवाय शाळेत अडतं आणि किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, तर घेतच नाहीत. पोरीचं जर्मन आजपासून सुरू करा, रोज अर्धा तास का होईना. आणि सरकारी प्रायमरी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे भाड्याचं घर फायनल करायच्या आधी एरिया कळवा, आजूबाजूच्या शाळांचं इथल्या आपल्या लोकांना विचारून सांगतो.