‘त्या रात्रीचं नीट आठवत नाही’

ताई, माझं वय २६, पुण्यात नोकरी. मार्गशीर्षात लग्न आहे. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मित्राच्या मळ्यात पहिल्यांदा प्यायलो, मग हॉस्टेलला दर शनिवारी. दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या ट्रिपमध्ये ओळखीतल्या एका मुलीसोबत रात्र गेली. कंडोम वापरला का, आठवत नाही. आठ-दहा दिवसांनी लघवीला जळजळ झाली. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, थांबली. आता लग्न जवळ आलं तशी झोप उडालीय. धाकटा भाऊ अकरावीत आहे, तोही मित्रांबरोबर बिअर घेतो. काय करू?
— अ.

अ,

आधी तपासणी, बाकी सगळं नंतर.

जळजळ थांबली म्हणजे आजार गेला, असं धरून चालू नकोस. काउंटरवरून दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी कधी नुसतं लक्षण दबतं. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम तर सहसा दुखतही नाही. औषध न घेता काही आठवड्यांत आपोआप भरते आणि रोग आत तसाच राहतो. क्लॅमिडिया बहुतेकांना जाणवतही नाही. सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभागाची ओपीडी असते, तिथे जा. एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीसाठीची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी आणि लघवीची तपासणी करून घे. मेडिकलवाल्याच्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसी केंद्रात मोफत होतं, आणि २०१७ च्या कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्या रात्रीला दोन वर्षं झालीत. संसर्ग तपासणीत दिसायला लागणारे तीन महिने केव्हाच उलटलेत, त्यामुळे त्यानंतर दुसरा कुठला धोका पत्करला नसशील तर एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की तो पक्का. गरमी आणि परमा (गनोरिया) दोन्ही औषधाने बरे होतात.

आता आठवत नाही त्याबद्दल. भराभर खूप प्यायलं की मेंदू आठवण साठवणंच थांबवू शकतो. माणूस चालतो, बोलतो, हसतो, पण आत काहीच नोंदलं जात नाही. खिशात कंडोम असूनही काढला जात नाही तो याच अवस्थेत. एक प्रश्न तू पत्रात विचारलेला नाहीस, तो मी विचारते: ती मुलगी शुद्धीत होती का? नशेत धड बोलताही न येणाऱ्या मुलीचा होकार कायदाही होकार मानत नाही. हे मनात नीट पाहा. रिपोर्टमध्ये काही निघालं तर तिला कळवणं तुझ्याकडे लागतं, कारण तिलाही कदाचित काहीच जाणवत नसेल.

तुला वाटतं, चूक त्या एका रात्रीची. मला तिची सुरुवात मळ्यात दिसते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा संशोधक आजवर घेत आलेत. पंधरा वर्षांच्या आत दारू किंवा ड्रग्ज वरचेवर घेतलेल्यांमध्ये बत्तिशीपर्यंत व्यसन, गुप्तांगाची हर्पिस आणि कोवळ्या वयातलं गरोदरपण जास्त दिसलं. मला खटकलं ते वेगळंच: यातली जवळपास निम्मी मुलं आधी वांड नव्हतीच, साधी पोरं होती. तुझ्यासारखी म्हण. दारू स्वतः गुप्तरोग देत नाही. पण थांबायचं भान मेंदूत पंचविशीपर्यंत घडत असतं आणि नेमकं तेच दारू आधी घालवते. पहिल्या पेल्यापासून जवळिकीला नशेची जोड मिळाली, की शुद्धीत ‘थांब, आधी कंडोम’ म्हणायची सवयच लागत नाही.

म्हणून भावाचं. ‘बिअरच आहे’ हे त्याचं नको ऐकूस. महाराष्ट्रात बिअरलाही एकवीस पूर्ण लागतात, पण कायदा सांगून अकरावीचं पोर ऐकणार नाही. बाबांना मध्ये आणू नकोस. गाडीवर मागे बसव, चहाला ने आणि स्वतःचं सांग, मेडिकलच्या काउंटरवर मान खाली घालून उभा होतास तेही. कंडोमबद्दलही तूच बोल. दुसरं कुणी बोलणार नाहीये.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का? हो, लग्नाआधी. गोव्याचा सगळा तपशील नको, पण ‘माझ्याकडून धोका झाला होता, मी तपासून घेतलंय’ एवढं तिला कळायलाच हवं. काही निघालं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत लग्नाची तारीख पुढे ढकल, कारण नातेवाइकांना काहीही सांगता येतं. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर दोघांनीही घ्या, तीन डोसांना सहा महिने लागतात. आणि तिनेही तपासणी करावी असं सुचवणार असशील, तर आधी स्वतःचा कागद तिच्यासमोर ठेव.

— ताई