वाचकांचे प्रश्न : अपघात विभागाची सज्जता कशी ओळखावी?

प्रश्न : माझ्या भाच्याला मोटारसायकलच्या अपघातानंतर एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे सीटी स्कॅनचे यंत्र होते, शस्त्रक्रियागृह होते. तरीही दोन तासांनी ‘पुढे घेऊन जा’ असे सांगण्यात आले. मग रुग्णालय अशा जखमींसाठी सज्ज आहे, असे केव्हा म्हणावे?

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन तासांतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. दुचाकीस्वाराभोवती पत्र्याचे कवच नसते, त्यामुळे डोके, छाती, ओटीपोटाची हाडे आणि पाय यांना एकाच वेळी मार बसलेला असू शकतो, आणि पाहणाऱ्याची नजर खिळते त्या मोडलेल्या पायापेक्षा बाहेरून न दिसणारा रक्तस्राव अधिक लवकर जीव घेतो. म्हणून श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि मेंदूची अवस्था या क्रमाने तपासणी करायची असते. १९७६ साली जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे विमान अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात कोसळले. त्यांची पत्नी दगावली, मुले जखमी झाली, आणि जवळच्या लहान रुग्णालयातील उपचार पाहून ते अस्वस्थ झाले. त्यातूनच हा क्रम डॉक्टरांना शिकवणारे प्रशिक्षण १९७८ साली सुरू झाले. तेव्हा, रात्रपाळीच्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे असे प्रशिक्षण झाले आहे का, हे मी यंत्रांच्या आधी विचारीन.

त्यानंतर रक्ताची चौकशी करावी. गट तपासण्याइतकाही वेळ नसतो तेव्हा देता येईल असे ओ निगेटिव्ह रक्त हाताशी हवे, आणि ते मागवण्याचा अधिकार मध्यरात्री कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले हवे. ओटीपोटाची हाडे मोडली असल्यास आवळून बांधायचा पट्टा अनेकदा कमरेवर बांधला जातो. त्याची खरी जागा त्याहून खाली, मांडीच्या हाडांच्या वरच्या टोकांशी असते. पट्टा कपाटात आहे, पण तो कोठे बांधायचा हे ठाऊक नाही, अशा रुग्णालयाला सज्ज म्हणता येणार नाही. रक्तस्राव रोखायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषधही असेच आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २०,००० हून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्र ते अपघातानंतर ३ तासांच्या आत सुरू करावे लागते, कारण त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढू शकतात. आपल्या भाच्याला त्याची गरज होती की नाही, हे मी येथून सांगू शकत नाही. परंतु गरज असलेल्या रुग्णाचे दोन तास वाट पाहण्यात गेले आणि पुढचा वेळ प्रवासात गेला, तर ही संधी हुकू शकते.

रुग्णाला पुढे पाठवणे हा मात्र दोष नव्हे. मेंदूची शस्त्रक्रिया जेथे होत नाही, तेथून रुग्णाला हलवलेच पाहिजे. फक्त तो निर्णय सुरुवातीलाच व्हावा, आणि ज्या स्कॅनच्या निष्कर्षावर तेथे काहीच करता येणार नाही, त्यासाठी रुग्णाला अडकवून ठेवू नये. जाणिवेचा ग्लासगो गुणांक (रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणारे गुण; जितके कमी, तितकी शुद्ध हरपलेली) १५ पैकी ८ किंवा त्याहून कमी असेल, तर सहसा निघण्यापूर्वीच श्वासनलिकेत नळी घालावी लागते. छातीत साचलेली हवा आणि बाहेर वाहणारे रक्त यांचा बंदोबस्तही निघण्यापूर्वीच व्हायला हवा, आणि पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झालेले असावे.

प्रश्न : अपघातस्थळी जखमीचे हेल्मेट काढावे का?

उत्तर : श्वास नीट चालू असेल, तर काढू नये. श्वास अडत असेल किंवा उलटीने तोंड भरले असेल, तर दोघांनी मिळून काढावे : एकाने मान आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, दुसऱ्याने पट्टा सोडवून आणि कडा बाजूंना ताणून हेल्मेट हळूहळू सरकवावे. काढलेले हेल्मेट रुग्णाबरोबरच पाठवावे. आघात कोठे बसला, याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो.