'ग्राईप' म्हणजे तक्रार, मग बाळाच्या ग्राईप वॉटरचा काय संबंध?

तुम्ही उलट्या बाजूने बघताय. शब्द आधी पोटात होता, तोंडात नंतर आला. जुन्या इंग्रजीत ग्रीपान म्हणजे घट्ट धरणं. ग्रिप त्याच घराण्यातला. सतराव्या शतकात पोटातल्या मुरड्याला ग्राईप्स म्हणायला लागले. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये बाळांसाठी औषध काढलं, त्याचं नाव या मुरड्यावरून. (मूळ औषधात अल्कोहोल असायचं, त्यामुळे बाळं शांत झोपायची यात नवल नाही.) कुरकुर हा अर्थ अमेरिकेतल्या बोलीतला, १९३० च्या दशकातला.

आता खरं दुखणं. आमची सोसायटी मुलुंडला, माझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपून बेडरूमचं छत काळं पडलं, खाली बादल्या लावून झोपायचो. रीतसर अर्ज दिला. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या (एजीएम) इतिवृत्तात सेक्रेटरींनी इंग्रजीत लिहिलं, वरच्या मजल्यावरच्या काही सभासदांच्या 'ग्राईप्स' आहेत. पैसे गेले गेटच्या ग्रॅनाइटला. मी म्हटलं, कंप्लेंट लिहा. तर म्हणे, "काका, अर्थ एकच आहे, हे स्टँडर्ड इंग्लिश आहे." चारजण हसले. मराठी शाळेतल्या माणसाने कॉन्व्हेंटवाल्याच्या इंग्रजीत चूक काढायची म्हणजे काय!

अर्थ एक नाही. ऑक्सफर्डची डिक्शनरी उघडा, शब्द अनौपचारिक असल्याची नोंद सापडेल, आणि सूर किरकोळ रडगाण्याचा. माझं छत गळत होतं, मी किरकिर करत नव्हतो. शिवाय गच्चीतून गळून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, हे आदर्श उपविधींतच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतच, लिहिलंय.

म्हणून तुमच्या अर्जाला कोणी ग्राईप म्हटलं तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी हरकत घ्या, तीही लेखी. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं आपल्याकडे हवेत जातं.

हां, स्वतःबद्दल "माझी एक छोटीशी ग्राईप आहे" म्हणायला काही हरकत नाही, इंग्रजी बोलणारे सर्रास म्हणतात. दुसऱ्याच्या अर्जावर ते लेबल चिकटवू नये, एवढंच. आता सेक्रेटरींच्या गाडीवर पार्किंगमधल्या पाइपचं पाणी ठिबकतंय, आणि ते इतिवृत्तात 'सीरियस कंप्लेंट' म्हणून आलंय.