दिव्यापुढं एकटा

"म्याडम, लेकराले देवाधर्माचं वळणच नाई जी."

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरची आई खुर्चीत टेकायच्या आधीच ते माझ्या कानात वाजतं. महिन्यातले दोन बुधवार मी मुलांच्या समुपदेशनासाठी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसते. पेरणीचे दिवस सोडले तर बाहेरचा बाक रिकामा नसतो. तक्रारीची भाषा घरागणिक बदलते. कुणाचा मुलगा शुभंकरोती म्हणत नाही. एका बौद्ध घरातली मुलगी पौर्णिमेला विहारात वंदनेला यायचं नाव काढत नाही. एक मुसलमान वडील सांगत होते, नमाजाची वेळ झाली की पोरगा नेमका क्रिकेटला पळतो. सगळ्यांची आतली काळजी एकच: आपण गेल्यावर यातलं काही उरेल का?

त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सहावीतला. आई आणि आजी दोघी त्याला घेऊन आल्या होत्या. वडिलांनी मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि ते बाहेर लिंबाखाली उभे राहिले. उपाय करून झालेले होते. मोबाइल काढून घेतला, 'देव कोपते' म्हणून भीती घातली, एकदा वडिलांचा हातही उठला. फरक एवढाच पडला, की दिवा लागायची वेळ झाली की पोरगा गोठ्यात जाऊन बसायला लागला.

पहिल्या दोन भेटींत तो जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. त्यातलं एक मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

"मले म्हनते दिव्यापुढं बस. आई चुलीपाशी, आजी सिरेल पाह्यते, बाबा पानठेल्यावर. मंग मी एकटाच काऊन?"

याला आपण उद्धटपणा म्हणतो. मला तर तो घरातला सगळ्यात सरळ प्रश्न वाटला. सांजेची प्रार्थना ही घराची गोष्ट. ती एकट्या पोरावर सोपवली की शिक्षा होऊन बसते. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर एवढा भर दिला. आपल्याकडच्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी माणसं एकत्र बसतात, आणि घरी मात्र आपण लेकराला एकटं बसवतो. मी त्या घराला एकच गोष्ट सांगितली: पाच मिनिटं टीव्ही बंद, चूल मंद, आणि जो घरात असेल त्यानं दिव्यापुढं यायचं. आलं नाही कुणी तर पोरालाही बोलवायचं नाही.

आठ दिवस जमलं. मग वडील पुन्हा पानठेल्यावर.

चौथ्या भेटीत मी प्रार्थनेचा विषयच सोडला. सहज विचारलं, "तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात ना? तेव्हा तुझ्याकडं कोणतं काम असतं?"

तो बराच वेळ आजीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागच्या साली आघाडा आनला होता. धुऱ्यावरून. हिनं फेकून देल्ला."

आजी उसळलीच. "आघाडा वयखू येते का याले? काईबाई गवत उपटून आनलं असंन!"

"आघाडाच होता. त्याचे दाने खाली तोंड करून असते. खालून वर हात फिरवला तं टोचते, पँटीले चिकटते. मी न् माह्या दोस्तानं मिळून निवडला होता."

आजी गप्प. मग जरा हळू आवाजात, "कोनाकोनाचे हात लागले असतीन म्हनून…"

"कोणाचे?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. गावात अशा प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आईनं आधी सांगितलं होतं, की देव्हाऱ्याशेजारी गजानन महाराजांचा आणि गाडगेबाबांचा फोटो आहे. मी म्हटलं, "आजी, फोटोतल्या गाडगेबाबांच्या हातात काय आहे हो?"

उत्तर नातवानं दिलं. "खराटा."

गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, 1876 साली शेंडगावात जन्मलेले. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम. ज्यांना कुठंच थारा नव्हता त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनीच बांधली. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. इतक्या वर्षांत मला जमलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर योग्य वेळी गप्प बसणं.

दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. मग आजी नातवाला म्हणाली, "दुर्वाची जुडी कितीची बांधते रे?"

"एकवीसची."

"कोनं सांगतलं तुले?"

"तूच तं बांधत होती."

मुलाला वळण नाही असं आम्ही तिघी-चौघी मोठी माणसं इतके दिवस घोकत होतो. आणि त्यानं तर चिखल तुडवत धुऱ्यावरून देवीसाठी पत्री आणली होती, दोस्ताला सोबत घेऊन. त्या दोघांची पूजा तेवढीच होती. ती उकिरड्यावर गेली. त्यानंतर दिव्यापुढं हात जोडायचे कशासाठी, हे त्याला कळेना, आणि ते कळत नाही हे त्याला सांगता येईना.

तेव्हापासून मी आईबापांना एकच प्रश्न विचारते: सणाच्या दिवशी तुमच्या लेकराच्या नावावर काय काम आहे? बहुतेक घरांत उत्तर असतं, "काई नाई, लुडबुड करते." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळायचे असतात, ते त्याला मळू द्या. बैलाला जेवणाचं आवतण त्याच्याच तोंडून जाऊ द्या. भुलाबाईचा खाऊ कोणता करायचा ते मुलीला ठरवू द्या, आणि तो डब्यात झाकून न्यायची जबाबदारीही तिचीच. दारी आलेल्याला पसाभर ज्वारी घालायचीय? लहान ओंजळीनं घालू द्या, सांडली तर सांडू द्या. काम चुकलं तर दुरुस्त करा, पण त्याच्या डोळ्यांदेखत फेकू नका.

आणि देवाला घरचा फौजदार करू नका, एवढी विनंती. 'देव पाहून घेईन' म्हणून दटावलेली पोरं माझ्याकडं पंधराव्या-सोळाव्या वर्षी पुन्हा येतात. तेव्हा त्यांना भीतीही उरलेली नसते आणि देवही. "मी मानत नाही" असं मोठा मुलगा म्हणाला तर भांडू नका. पंगतीत वाढायला बोलवा. वाढपी लागतातच.

भादव्यात त्या आईचा फोन आला. दोघं पोरं आघाडा-दुर्वा घेऊन आली होती. आजीनं ओसरीवर बसून जुडी उलगडली, दोन काड्या बाजूला काढल्या, "हे आघाडा नोय, पाह्य नीट" म्हणून दाखवल्या, बाकीची महालक्ष्म्यांपुढं ठेवली. जेवायला दोस्तालाही थांबवलं. पान ओसरीवरच मांडलं, आत नाही. आंबील मात्र दोघांना आजीनंच वाढली.

शुभंकरोतीचं विचारायचं मी विसरलेच. तिनंही त्याचं काही सांगितलं नाही.