भूमध्य समुद्रातलं बेट : आईबाबा सोबत असतील तर सिसिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मेअखेरीस दहा-बारा दिवस मोकळे आहेत, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि शाळकरी मुलगी आहे, सगळे शाकाहारी. ग्रीसचं सँटोरिनी बेट मनात भरलंय, पण एवढा खर्च करून भूमध्य समुद्रातल्या बेटावरच का जावं आणि नेमकं कुठल्या, हे ठरत नाहीये.

माझं उत्तर सिसिली, इटलीचं बेट. तेही अख्खं नाही. सिराकुझाला सहा-सात रात्री एकाच घरात मुक्काम, वाटेत एक रात्र अग्रिजेंतो आणि शेवटच्या तीन रात्री पालेर्मो.

आधी 'का' ते सांगतो. नुसत्या समुद्रकिनाऱ्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. वाळू आणि लाटा तारकर्लीलाही आहेत, आणि मेमध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आपल्या अंगाला चांगलंच गार लागतं. या बेटांवर जायचं ते हजारो वर्षं तिथे येऊन राहिलेल्या माणसांच्या खुणा बघायला. सिसिली इटलीची मुख्य भूमी आणि आफ्रिका यांच्या मध्ये असल्यामुळे ग्रीक, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे सगळेच तिथे राज्य करून गेले. आणि बऱ्याच ठिकाणी नव्याने आलेल्यांनी जुनी वास्तू पाडली नाही, तिच्यातच आपला संसार मांडला.

सिराकुझाचं कॅथेड्रल बघितलंत की मी काय म्हणतोय ते कळेल. जुनं गाव ऑर्तिजा नावाच्या छोट्याशा बेटावर आहे, पुलाने जोडलेलं. तिथल्या चौकातून या चर्चचा नक्षीदार दर्शनी भाग दिसतो, तो १६९३च्या भूकंपानंतरचा. तिथेच फोटो काढून परत फिरू नका. बाजूच्या गल्लीत शिरा आणि भिंत नीट पाहा. भिंतीतून जाडजूड, खाचा असलेले दगडी खांब बाहेर डोकावताना दिसतात. हे इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेना देवीच्या देवळाचे खांब. पुढे ख्रिस्ती लोकांनी खांबांच्या मधली जागा दगडांनी भरून घेतली आणि देवळाचं चर्च केलं. आत गेलात की तेच खांब दुसऱ्या बाजूने दिसतात. अडीच हजार वर्षांच्या त्या दगडावर हात ठेवून उभं राहता येतं, आणि शेजारी गावातल्या आजीबाई रोजच्यासारख्या प्रार्थनेला बसलेल्या असतात. मला हे कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोठं वाटतं.

मुलीला आधी सांगून ठेवा की 'युरेका'वाला आर्किमिडीज याच गावचा. इसवीसनपूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने हे शहर जिंकलं तेव्हा तो मारला गेला. शहराच्या जुन्या दगडखाणीत 'डायोनिसियसचा कान' म्हणून एक उंच, वळणदार गुहा आहे. तिथे टाळी वाजवली की आवाज घुमत राहतो, मुलं तिथून हलत नाहीत. शेजारीच डोंगरउतारात कोरलेलं ग्रीक नाट्यगृह आहे आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे प्राचीन ग्रीक नाटकं होतात. प्रयोग इटालियनमध्ये असतात, पण कथानक आधी वाचून गेलात तर काही अडत नाही. नाटकवेड्या मराठी माणसाने हे चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. दगडी पायऱ्यांवर बसायचं असतं, आईबाबांसाठी उशी न्या.

आता खाण्याचं. सिसिलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, उलट मजेत जेवतो. सिराकुझाजवळच्या कातानिया शहराची पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे तळलेली वांगी, टोमॅटो आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोटा चीज. कापोनाता ही वांग्याचीच आंबटगोड भाजी, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर (खारवलेल्या कळ्या) घालून केलेली. पालेर्मोच्या रस्त्यावर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून, पातळ थापतात, वड्या पाडून तळतात आणि तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळतात. आपल्या पाटवडीचीच बहीण. आईबाबांना पहिल्या घासाला घरचं वाटेल. बदामाचं ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड पदार्थ, दुधाशिवाय होतं, सोबतच्या ब्रिओश या मऊ पावात मात्र अंडं असतं. जपायचं एवढंच की तिकडे मासा मांसात धरत नाहीत, म्हणून 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' (मांस नको, मासा नको) असं दोन्ही म्हणा. पालेर्मोच्या स्फिंचोने या जाड पिझ्झावर छोटे खारवलेले मासे असतात. आणि पार्मेजान, पेकोरिनोसारखी चीज रेनेटवर, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या विरजणावर बनतात, हे आईबाबांना चालणार नसेल तर चीज न घालायला सांगा.

एटना या ज्वालामुखीवर रोपवे आहे, साधारण १,९०० मीटरवरून २,५०० मीटरपर्यंत नेतो. वर मेमध्येही बोचरा वारा असतो, जाकीट हवंच. ज्वालामुखी जागा असला की वरचा भाग बंद ठेवतात, त्यामुळे त्यासाठी एक दिवस मागेपुढे करता येईल असा ठेवा. पालेर्मोत राजवाड्यातलं पॅलटाइन चॅपल बघा : नॉर्मन राजा, बायझंटाइन सोनेरी मोझेक आणि वर अरबी धर्तीचं कोरीव लाकडी छत, सगळं बाराव्या शतकातलं. अग्रिजेंतोची ग्रीक देवळं संध्याकाळच्या उन्हात बघावीत.

सँटोरिनी सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथे पायऱ्याच पायऱ्या आणि क्रूझ जहाजांची गर्दी. सत्तरीच्या गुडघ्यांना घेऊन दोन दिवसांत दमायला होईल. ऑर्तिजा बहुतांशी सपाट आहे. माल्टा दुसरा चांगला पर्याय : इंग्रजी चालतं, बेट अगदी लहान, बसने फिरता येतं. फक्त व्हॅलेटाचे चढउतार लक्षात घ्या, आणि तिथलं हायपोजियम हे भुयारी दफनस्थळ बघायचं तर तिकीट फार आधी काढा, रोज मोजक्याच लोकांना सोडतात. क्रीट मला फार प्रिय आहे, पण ते चालणाऱ्यांचं बेट. सामारियाची घळ १६ किलोमीटर आहे, ती मुलगी मोठी झाल्यावर करा. सार्डिनिया आणि कॉर्सिका गाडी चालवायची तयारी असेल तरच.

मेअखेर जमलं नाही तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये आईबाबांना नेऊ नका. सिराकुझाजवळच ११ ऑगस्ट २०२१ला ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, तो युरोपातला उच्चांक आहे. शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, खोल्यांचे भाव चढलेले असतात.

मुंबईहून कातानियाला थेट विमान नाही, इस्तंबूलसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. रोमला उतरलात आणि वेळ असेल तर पुढे रेल्वेने जा : मेसिनाच्या सामुद्रधुनीत गाडीचे डबे जहाजावर चढवून पलीकडे नेतात. मुलीसाठी हा सहलीचा सगळ्यात भारी भाग ठरेल. सिराकुझाहून नोतो आणि मोदिका ही जुनी गावं बसने होतात, रविवारी मात्र बस फार कमी. भाड्याची गाडी घेतलीत तर जुन्या गावांच्या प्रवेशबंदीच्या पाट्या बघून चालवा, कॅमेरे असतात आणि दंड मागाहून घरी येतो.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. मे गाठायचा असेल तर आधी व्हिसाची अपॉइंटमेंट पकडा, लगेच नाटकाची तिकिटं, आणि घर घेताना लिफ्ट आहे का हे मालकाला स्पष्ट विचारा. ऑर्तिजातल्या जुन्या इमारतींत बहुतेक वेळा ती नसते.