कोरोनात हार्टचं अर्जंट ऑपरेशन मिळणं एवढं अवघड का होतं? सांगली-मिरजेत तरी अडायला नको होतं ना?

तुम्ही विचारलंय की लॉकडाऊनमध्ये इमर्जन्सी चालू होती म्हणतात, मग हार्टच्या पेशंटचे हाल का झाले, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तरी कसे झाले. चालू होती, खोटं नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मी आईला घेऊन मिरजेला गेलतो तेव्हा सर्जन होते, थिएटर होतं, तरी ऑपरेशन झालं नाही. कसं ते सांगतो, जरा लांबण लागंल.

आमचं गाव जत तालुक्यात. आईला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलता, त्यात हार्टचा वॉल्व्ह, म्हणजे झडप, खराब झाला, आणि २०११ ला मिरजेतच ऑपरेशन करून कृत्रिम वॉल्व्ह बसवला. असा वॉल्व्ह बसवला की रक्त पातळ करायची गोळी जन्माला चिकटते, आमच्याकडं असिट्रॉम, आणि दर महिन्याला आयएनआर. म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तुमचा-माझा १ च्या आसपास असतो, आईचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. खाली गेला तर वॉल्व्हवर गुठळी धरते, वर गेला तर रक्तस्राव. आणि या वॉल्व्हचा आवाज येतो बरं का, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. रात्री टीव्ही बंद केला की आईच्या छातीतली टिकटिक अख्ख्या खोलीला ऐकू यायची, पाव्हणे पहिल्या रात्री हमखास विचारायचे, घड्याळ कुठं लावलंय हो?

मार्चमध्ये सगळं बंद झालं. इस्लामपूरला एकाच घरातले लागोपाठ पॉझिटिव्ह निघाल्यामुळं आपल्या जिल्ह्यात तर लोक दवाखान्याच्या रस्त्यानं पण जाईनात. एसटी बंद, तालुक्याचा लॅबवाला म्हणाला सॅम्पल पुढं जात नाही सध्या, थांबा. थांबलो. एप्रिल ते ऑगस्ट एकदा पण आयएनआर नाही. गोळी एक दिवस चुकली नाही म्हणून आम्ही निवांत! त्यात बाजार बंद, विहिरीवरची मेथी-पालक विकली जाईना, टाकून कशी द्यायची म्हणून घरात दोन्ही वेळंला तीच. हिरव्या पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळं ही गोळी कमी पडते, हे २०११ लाच सांगितलेलं, फाईलमध्ये तसा छापील कागद आहे. वाचतंय कोण.

मग आईला दम लागायला लागला. आधी दोन उशा, नंतर बसूनच झोपायची. एका रात्री आण्णा, म्हणजे वडील, अंधारात म्हणाले, "घड्याळ बंद पडलंय का रं?" मला आधी कळंनाच कुठलं घड्याळ. उठून आईच्या छातीला कान लावला तर टिकटिक नाही, नुसता दबका दबका आवाज.

पहाटे गाडी करून निघालो. पहिल्या दवाखान्यात गेटवरच ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन ८६, कोविड सस्पेक्ट, बेड नाही, पुढं बघा. मी वॉल्व्हचं पेशंट आहे म्हणून ओरडतोय, तर त्या वेळी दम म्हणजे कोरोनाच, दुसरं काय ऐकायलाच कोण तयार नाही. दुसरीकडं घेतलं पण सस्पेक्ट वॉर्डात. अँटिजेन निगेटिव्ह आली, तरी आरटीपीसीआरचा स्वॅब घेतला, रिपोर्ट उद्या. आयसीएमआरनं, म्हणजे टेस्टचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, मे २०२० मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की टेस्टसाठी कुठलीही इमर्जन्सी प्रोसिजर अडवू नका, सॅम्पल पाठवा आणि काम चालू करा. हे मला नंतर कळलं, तेव्हा माहीत असतं तर मोबाईलवर दाखवलं असतं. पण डॉक्टरांना सगळा दोष देववत नाही. पीपीई किटच्या टोपीत कान झाकलेले, स्टेथोस्कोप लावणार कुठं? आण्णांना अंथरुणात पडल्या पडल्या जे कळलं ते त्या पोरसवदा डॉक्टरला जवळ उभं राहून ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, झाली, नंतर वॉल्व्हचं हलतं एक्सरे चित्र बघितलं. दोन पाकळ्यांपैकी एक गुठळीनं गच्च. आयएनआर १.४.

सर्जन माणूस स्पष्ट बोलणारा होता. म्हणाले, वॉल्व्ह बदलायचा तर छाती दुसऱ्यांदा उघडायची, ते मी करीन, पण नंतर व्हेंटिलेटरचा आयसीयू बेड लागतो आणि तो आज नाही, मे पासून खाजगीतले ८० टक्के बेड सरकारच्या नियंत्रणात, आणि आयसीयू कोविडच्या पेशंटनं भरलेला. ऑपरेशन चालू असताना हार्टचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा टेक्निशियन क्वारंटाईन. रक्तदान शिबिरं बंद म्हणून ब्लड बँकेत पिशव्या नाहीत, चार डोनर आणा. आणि नेमका रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनमध्ये जिवाला धोका कितीतरी वाढतो. मी चार मित्रांना फोन लावले, दोघं मोटरसायकलवर निघाले, त्यांना वाटेत पोलिसांनी अर्धा तास थांबवून घेतलं. पुण्याला न्यायचा विषय निघाला, ई-पास काढला असता, पण तिथं बेड आहे का हे फोनवर छातीठोक कोण सांगंना, आणि व्हेंटिलेटरची अँब्युलन्स मिळाली तरी आई पाच-सहा तास काढंल याची गॅरंटी नाही.

पैशाचं मात्र अडलं नाही, हे पण लिहायला पाहिजे. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आमचं केशरी कार्ड बसत होतंच, आणि मे २०२० पासून ती योजना राज्यातल्या सगळ्यांना लागू केली होती. योजनेचा दवाखान्यातला माणूस, आरोग्यमित्र, त्यानं रात्रीच कागद लावले.

शेवटी स्ट्रेप्टोकायनेजची ड्रिप लावली, गुठळी विरघळवायची. सही घेताना सांगितलं, गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. केली सही, दुसरं होतं काय हातात. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं खिडकीजवळ बोलावलं, मास्कच्या आतनंच म्हणाली, ऐका. टिकटिक येत होती. स्वॅबचा रिपोर्ट त्यानंतर आला, निगेटिव्ह.

तुकडा सुटलाच मात्र, लहानसा. दोन दिवस बोलणं जड होतं, ते सुटलं, पण डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. भाकरी थापता येत नाही तिला, आता बायको थापते आणि आई शेजारी बसून चुका काढते.

हार्ट अटॅकवाल्यांचं थोडं वेगळं होतं. पहिल्या १२ तासांत गुठळीचं इंजेक्शन तालुक्याच्या चांगल्या दवाखान्यात पण देता येतं, लवकर तेवढं बरं, त्यामुळं अँजिओप्लास्टीची कॅथलॅब नाही मिळाली तरी काहीतरी हाताशी होतं. पण ते लोक भीतीनं दोन-दोन दिवस ॲसिडिटी समजून घरीच बसले. महाधमनी, म्हणजे हार्टमधनं निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली असंल तर मात्र ऑपरेशनच, तिथं तासातासाला जगायची आशा कमी होत जाते.

तुमच्या घरी वॉल्व्हचं पेशंट असंल तर फाईलचं पहिलं पान, वॉल्व्हचं कार्ड आणि शेवटचा आयएनआर यांचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. मी गेटवर तोंडीच सांगत बसलो आणि फाईल गाडीत डिक्कीत होती.